शहापुरातलं जुनं घर, माडीवर नवा टीव्ही आणि घरभर स्मार्ट बटनं: कुठून सुरुवात करू?

परसातली_जाई

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, आजोबांनी बांधलेलं. दारातून शिरलं की सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परसू. सगळं रेल्वेच्या डब्यांसारखं एकामागं एक. खालच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. वरची माडी मात्र पाडून नव्यानं स्लॅब घातलाय. घरात आई-बाबा दोघंच असतात. मी पुण्यात नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी एक फेरी होते.

माडीचं प्लास्टर तीन आठवड्यांनी सुरू होतंय, म्हणून घाईघाईनं धागा काढतेय. माडीवर मोठा टीव्ही लावायचाय आणि मागं-पुढं वायरलेस स्पीकर. बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, तेव्हा दिवे-पंखे जागेवरून चालू-बंद झाले पाहिजेत, शक्यतो बोलून. नळाला पाणी आलं की कळायला हवं, कारण ते चार-पाच दिवसांनी कधीही येतं आणि बाबा रात्र-रात्र जागतात. दारावर एक कॅमेरा.

एकानं येऊन घर बघितलं आणि एक लाख ऐंशी हजार सांगितले. 'सगळं आमच्या ॲपवर, तुम्हाला काहीच बघायला नको.' मला नेमकं त्या 'काहीच बघायला नको'चंच भय वाटतं. वायरलेसच करायचंय तर वायरिंगचा विचार आत्ता करायला हवा का, की प्लास्टर होऊन जाऊ दे?

टेस्टरवाला_अण्णा

ताई, प्लास्टर थांबवा. आधी हे वाचा.

मी अनगोळात राहतो, वायरिंगची कामं करतो, वीस वर्षं झाली. तुम्ही वायरलेस म्हणताय ते सिग्नलपुरतं. करंट काय हवेतनं येत नाही. मागचे स्पीकर वायरलेस घेतलात तरी प्रत्येकाला एक प्लग लागतोच. आत्ता पाइप नाही टाकलात तर उद्या सोफ्यामागनं एक्स्टेंशनची वायर लोळत बसेल आणि तुमच्या आई त्यात अडखळतील.

दुसरं म्हणजे न्यूट्रल. स्मार्ट बटनाला स्वतः जिवंत राहायला करंट लागतो, तेव्हा बोर्डात फेजबरोबर (करंट आणणारी वायर) न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) पाहिजे. आपल्याकडं ज्या बोर्डात प्लग आहे तिथं तो असतोच, नाहीतर प्लग चालला नसता. अडचण येते ती जिन्यातल्या नाहीतर न्हाणीबाहेरच्या एकट्या बटनाला. तिथं खाली नुसती फेज आणून सोडलेली असते. नवीन माडीला प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही ओढायला सांगा. वायरीचा खर्च फार नाही. खालच्या मजल्यावर जुनी लाल-काळी वायरिंग असेल. लाल फेज, काळी न्यूट्रल, असा नियम. खरं मागं कुणी काय जोडलंय ते देव जाणे, म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावूनच बघायचं. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधे दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी अर्थिंग नीट करून घ्या, मग स्मार्टबिर्ट.

न्यूट्रल नसतानाही चालणारी बटनं मिळतात. ती बल्बमधनंच थोडा करंट ढोसतात, म्हणून कमी वॉटचा एलईडी बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणतो. बल्बला समांतर एक कपॅसिटर जोडला की थांबतं. खरं नव्या घरात ती भानगड हवी कशाला?

जुनी_पेटी

बटन दाबायला असा किती त्रास होतो हो? आमच्या काळी कंदिलाची काच रोज राखेनं पुसायला लागायची.

परसातली_जाई

काका, बाबांना रात्री उठून बटनापर्यंत जाताना दोनदा तोल गेलाय. नाहीतर मीही तुमच्याच बाजूची.

अण्णा, खूप आभार. मग आत्ताची बटनं काढून ते काचेचे टच पॅनल लावायचे का? त्या माणसानं तेच दाखवले होते.

टेस्टरवाला_अण्णा

नको. दिसायला झकास आहेत, खरं ओल्या हातानं नीट चालत नाहीत, चष्मा नसला की दिसत नाहीत आणि एक बिघडला की अख्खं पॅनल बदला. साधी बटनं तशीच ठेवा आणि त्यांच्या मागं पेटीत बसणारा छोटा रिले मॉड्यूल (फोनवरनं दिवा चालू-बंद करणारा डबा) टाका. नेट गेलं, फोन हरवला, पोरगी पुण्यात, काहीही झालं तरी भिंतीवरचं बटन चाललंच पाहिजे. त्यासाठी पेट्या खोल घ्या. उथळ पेटीत मॉड्यूल कोंबला की वायरी दाबल्या जातात आणि गरमही होतं.

एक बारकी गोष्ट, कुणी सांगत नाही ती. आपल्याकडं बटन खाली म्हणजे चालू. रिले लावल्यावर तुम्ही फोनवरनं दिवा बंद केलात तर बटन खालीच राहणार, दिवा मात्र बंद. मग बाबा आले, त्यांनी बटन वर केलं आणि दिवा लागला! त्यांना वाटणार वायरिंग उलटी झालीय. पहिले पंधरा दिवस मला याचेच फोन येतात. घरातल्यांना आधी समजावून सांगा, नाहीतर दाबून सुटणारी, बेलसारखी बटनं बसवा. त्यांना वर-खाली नाहीच.

पंख्याला नुसता चालू-बंदचा रिले चालतो, वेगासाठी वेगळा फॅन मॉड्यूल लागतो. बीएलडीसी (कमी करंट खाणारा नवा) पंखा घेणार असाल तर त्याला रेग्युलेटर लावायचाच नाही. तो ३० वॉटच्या आसपास खातो, जुना ७५ खायचा. त्याचा रिमोट असतो, तेव्हा खोलीत एक आयआर ब्लास्टर (रिमोटचेच सिग्नल सोडणारा डबा) ठेवला की फोनवरनं चालतो.

सांबरेकर

अण्णांनी करंटचं सांगितलं, मी नेटवर्कचं सांगतो. उद्यमबागेत एका कारखान्याचं नेटवर्क बघतो, त्यामुळं पत्र्याच्या भिंती आणि रुसलेला वाय-फाय हा माझा रोजचा खेळ.

तुमचा राउटर बहुतेक सोप्यात असणार, कारण वायर गल्लीतनं येते. दीड हाताच्या दगडमातीच्या भिंतीतनं ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय एका खोलीपलीकडं फारसा जात नाही. २.४ जातो, पण शेजारच्या दहा घरांचा २.४ ही त्याच हवेत असतो. त्यातली एकमेकांवर न येणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. फोनवर वाय-फाय ॲनालायझर टाकून कुठलं रिकामं आहे बघा आणि राउटरला 'ऑटो'वर न सोडता तेच ठरवून द्या.

आता प्लास्टरच्या आधीचं काम. सोप्यातनं माडीवर नेटची कॅट-६ केबल ओढा. एक नको, दोन ओढा. वर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारा डबा) त्या केबलवर बसवा. बाजारात मेशचे (घरभर एकच वाय-फाय पसरवणारे) तीन डबे म्हणून जे मिळतं तेही चांगलं, पण डब्याडब्यांतलं बोलणं हवेतनं झालं तर तुमच्या भिंती ते खाऊन टाकतील. तेच बोलणं केबलवरनं होऊ दे. कॅट-६ ला १०० मीटरपर्यंत काळजी नाही. फक्त लाइटच्या वायरीच्या पाइपातनं ती न्यायची नाही, वेगळा पाइप.

टीव्हीमागं बऱ्यापैकी रुंद पाइप खाली कपाटापर्यंत ठेवा, एचडीएमआयचं डोकं त्यातनं सरळ जाईल एवढा. 4K ६० फ्रेम चालवायची तर केबलवरनं सेकंदाला १८ गिगाबिट जातं आणि साधी तांब्याची केबल पाच मीटरच्या पुढं दगा देते. लांब न्यायची असली तर फायबरवाली घ्या. ती एकाच दिशेनं चालते. टीव्हीकडचं टोक नि सेट-टॉप बॉक्सकडचं टोक उलटं झालं की चित्र येत नाही आणि माणूस टीव्ही बदलायला निघतो. (हसू नका. मी निघालो होतो.)

आणि हो, बरीचशी स्मार्ट बटनं फक्त २.४ वरच जोडली जातात. जोडताना फोन ५ वर असला तर काही केल्या सापडत नाहीत. राउटरमधे २.४ ला वेगळं नाव द्या, काम सोपं होतं.

वडगावचा_माग

शहापूर म्हणताय म्हणून विचारतो, शेजारी माग आहेत का? आमच्या बोळात दोन्ही बाजूला यंत्रमाग चालतात. सगळे एकदम सुरू झाले की व्होल्टेज मान टाकतंय, राउटर आपोआप बंद-चालू. मी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तेव्हा सुटलो. सबवूफर (नुसत्या खर्जाचा मोठा स्पीकर) मात्र घेतला नाही. गरजच नाही. अख्खं घर दिवसभर आपोआप हलतंय.

मंद्रसप्तक

सबवूफरवरनं आठवलं. या धाग्यात आवाजाबद्दल अजून कोणी बोललंच नाही, म्हणून मी.

बाई, पहिला प्रश्न: माडीवर नक्की काय ऐकणार? गायक कुमार गंधर्वांचं गाव सुळेभावी आपल्याच बेळगावाशेजारी. मी कुठलाही स्पीकर घेण्याआधी तानपुरा लावून ऐकतो. खर्जाची तार सुटी, गोल ऐकू आली पाहिजे आणि जवारी कानाला टोचता कामा नये. सिनेमातले स्फोट कुठलाही डबा वाजवतो.

टीव्हीला ब्लूटूथनं स्पीकर जोडू नका. साध्या ब्लूटूथला सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा, कधी त्याहून जास्त उशीर होतो. ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतो. गाणी ऐकायला चालतं, मालिका बघायला नाही. टीव्हीच्या मागं एचडीएमआयची तीन-चार भोकं असतात, त्यांतल्या एकावरच एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीतला आवाज परत बाहेर पाठवायची सोय) लिहिलेलं असतं. साउंडबार तिथंच जोडायचा. मग टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो, आईंना दोन रिमोट सांभाळायला लागत नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमधे सीईसी (एका रिमोटनं दोन्ही चालवायची सोय) सुरू असायला लागतं. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळंच नाव दिलंय, ते शोधायला पाच मिनिटं जातात. ओटीटीवरचा ॲटमॉस (चहूबाजूंनी, वरूनही येणारा आवाज) साध्या एआरसीमधनंही येतो. ब्लू-रे डिस्कवरचा पूर्ण आवाज हवा असेल तरच ईएआरसीला अर्थ. ऑप्टिकल केबलनं ॲटमॉस मिळत नाही, साध्या ५.१ वर (पाच स्पीकर, एक सबवूफर) समाधान मानायचं.

साउंडबारबरोबर येणारे वायरलेस मागचे स्पीकर ब्लूटूथवर नसतात, कंपनीची आपली वेगळी जोडणी असते, त्यामुळं तो उशीर तिथं जाणवत नाही. फक्त एका कंपनीचा बार आणि दुसरीचे मागचे स्पीकर हे लग्न जमत नाही. ते बसणाऱ्याच्या अगदी पाठीमागं नकोत, बाजूनं थोडे मागं ठेवा, समोर शून्य धरलं तर ११० ते १२० अंशावर, कानाच्या जरासं वर. अण्णांच्या प्लगची जागा याच हिशोबानं मोजा.

नवी माडी म्हणजे फरशी, गुळगुळीत प्लास्टर, काचेच्या खिडक्या. टाळी वाजवून बघा, विहिरीत वाजवल्यासारखी येईल. दहा हजारांचा जादा स्पीकर घेण्यापेक्षा जाड पडदे आणि एक मोठी सतरंजी घाला. घोंगडं असलं तर उत्तमच. आणि सबवूफर शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला टेकवू नका. खर्जाचा आवाज भिंतीतनं चालत जातो. तुम्हाला सिनेमा, त्यांना रात्रभर कुणीतरी उखळात कांडतंय.

सीमोल्लंघन

शीर्षकात 'शहापूर, बेळगाव' असं पूर्ण लिहायला हवं होतं. नुसतं शहापूर म्हणजे लोकांना दुसरंच वाटेल. आणि वरच्या एका प्रतिसादात...

संचालक

सीमोल्लंघन, तुमचा उरलेला प्रतिसाद 'बेळगाव की बेळगावी' या धाग्यावर हलवला आहे. तिथं चारशे प्रतिसाद झालेत, जागा अजून आहे. इथं फक्त वायरी.

ऊसवाला_निपाणी

शहरातले लोक हे सगळं आत्ता करायला लागलेत होय? आमच्या मळ्यात मोबाइल स्टार्टर कधीचा आहे. सिम घातलेला डबा मोटरीच्या पेटीत. घरातनं फोन लावायचा, तो सांगतो थ्री फेज आहे का नाही, मग आकडा दाबला की मोटर चालू. एक फेज गेली की आपोआप बंद. थ्री फेज रात्री दोनला आली तरी अंथरुणातनं उठायला लागत नाही. साप-विंचवाच्या वाटेनं अंधारात जायचं वाचलं, हेच मोठं. पूर्वी एकच ताप होता. आमचा मळा हद्दीला, फोन कधी कोल्हापूरकडचा टॉवर धरायचा कधी इकडचा, आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. मोटर चालू कर म्हणायला परराज्यातनं फोन!

ताई, पाण्याच्या मोटरीला स्मार्ट प्लग लावणार असाल तर जरा थांबा. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, चालू झाल्यावर पाच-सहा ॲम्पिअर. खरं सुरू होतानाचा झटका त्याच्या पाच-सहा पट. '१६ ॲम्पिअर' लिहिलेल्या प्लगाच्या आतला रिले अशा झटक्यांनी चिकटून बसतो, मग ॲपवर बंद दिसतंय नि मोटर चालूच. मधे काँटॅक्टर घाला. स्मार्ट रिलेनं फक्त काँटॅक्टर ओढायचा, मोटरीचा भार काँटॅक्टरनं घ्यायचा.

परसातली_जाई

हे फारच उपयोगी. पण माझा प्रश्न मोटरीच्या आधीचा आहे हो. नळाला पाणी आलं हेच कळत नाही. चोवीस तास पाणी असलेल्या वॉर्डातल्या मैत्रिणीला हा प्रश्नच समजत नाही!

सांबरेकर

सोपं आहे. गळती ओळखणारे बॅटरीवरचे छोटे सेन्सर मिळतात, खाली दोन धातूचे ठिपके असलेले. लोक ते सिंकखाली ठेवतात. तुम्ही तो हौदातल्या नळाच्या तोंडाखाली बशीत ठेवा. पहिली धार पडली, ठिपके भिजले, फोन वाजला. बशीला भोक पाडा, म्हणजे पाणी गेल्यावर वाळेल आणि पुढच्या वेळी परत चालेल. वरच्या टाकीला मात्र साधा फ्लोटच (पाण्यावर तरंगणारा गोळा) लावा. मी आधी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला होता. तो पाण्यापासून वीत-सव्वा वीत वर राहावा लागतो, जवळचं त्याला दिसत नाही, आणि थंडीत टाकीत वाफ धरली की आकडे वाट्टेल तसे. फ्लोटला अक्कल नाही म्हणूनच तो चुकत नाही.

नळाखालचा सेन्सर झिग्बीचा (कमी करंट खाणारी वेगळी वायरलेस जोडणी) घ्या, वाय-फायचा नको. झिग्बीची बॅटरी वर्ष-दीड वर्ष जाते. झिग्बीसाठी एक हब (सगळ्यांना जोडणारा मधला डबा) लागतो, आणि मधल्या भिंतींचा उपाय म्हणजे सतत करंटवर असलेली झिग्बीची बटनं. ती सिग्नल पुढं ढकलतात. बॅटरीवाली ढकलत नाहीत. झिग्बीही २.४ वरच असतो, तेव्हा वाय-फाय १ वर ठेवलात तर झिग्बीला २० किंवा २५ चं चॅनल द्या, भांडण होत नाही.

खानापूरची_चिमणी

माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. आमचं घर जांबोटीच्या वाटेवर, कौलारू. गेल्या वळवाच्या पावसात करंट गेला, रात्री दोनला आला, आणि घरातले एकूण एक दिवे आणि चारी पंखे आपोआप सुरू झाले. सासूबाई दचकून उठल्या, त्यांना वाटलं चोर. कारण असं की रिलेच्या सेटिंगमधे 'करंट परत आल्यावर काय करायचं' हे असतं, आणि आमच्याकडं ते 'चालू'वर ठेवून दिलेलं. ते 'बंद' नाहीतर 'आधी होतं तसं' करून ठेवा, प्रत्येक बटनाचं, न विसरता.

त्याच पावसात वीज जवळच पडली आणि राउटर, सेट-टॉप बॉक्स, टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट तिन्ही गेले. गंमत म्हणजे टीव्हीचा प्लग काढलेला होता! डिशच्या छत्रीकडनं आलेल्या केबलनं झटका आत आणला. तेव्हापासून ढग गडगडले की प्लगच नाही, छत्रीची केबल आणि नेटची वायरसुद्धा काढते.

टेस्टरवाला_अण्णा

वहिनी बरोबर सांगतात. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अर्थिंगला सोडणारा) घाला, खरं त्याला अर्थिंग चांगलं नसेल तर तो नुसता शोभेला. आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की मेन तोडणारा) घाला. तो माणसासाठी.

जुनी_पेटी

मी गंमत करत होतो, पण एक खरा प्रश्न विचारतो. आमचं बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य येतं. ही यंत्रं रात्रंदिवस जागी राहणार, मग युनिट वाढणार नाहीत का? दोनशेच्या वर एक युनिट गेलं की पूर्ण बिल भरायचं आहे.

सांबरेकर

काका, हा प्रश्न धाग्यातला सगळ्यात मुद्द्याचा. हिशोब असा. एक वॉट महिनाभर सतत जळला तर पाऊण युनिटाच्या जरा खाली, ०.७२. रिले मॉड्यूल साधारण एक वॉट धरा. वीस मॉड्यूल म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. त्यात हब, कॅमेरा, झोपलेला साउंडबार धरला की पंचवीसपर्यंत सहज. तुम्ही १८० वर असाल तर दोनशे ओलांडाल. शिवाय आपल्या सरासरीवर जी मर्यादा ठरलीय तिच्यापेक्षा जास्त गेलं की दोनशेच्या आत असूनही वरचे पैसे भरायला लागतातच.

उपाय दोन. प्रत्येक दिवा स्मार्ट करू नका, न्हाणीतला, अडगळीतला कशाला? आणि जुने पंखे बदला. ७५ चा पंखा ३० वर आला आणि दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. दोन पंख्यांत सगळ्या स्मार्टपणाचा खर्च निघाला.

परसातली_जाई

अण्णा, सांबरेकर, प्लास्टर थांबवलंय. गवंडी माझ्याशी बोलत नाहीत.

आता बोलण्याचं. मी नमुना म्हणून एक स्मार्ट स्पीकर आणून ठेवला. मराठी येत नाही म्हणून हिंदी लावली. बाबा म्हणाले, "सोप्यातला दिवा लाव." तो म्हणाला, सोफा नावाचं उपकरण सापडलं नाही. बाबांनी तेच तीनदा, दर वेळी मोठ्यानं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ह्याला कानडीत सांगून बघू काय?"

मंद्रसप्तक

हे वाचून एकटाच हसत बसलोय. गूगल असिस्टंटला फोनवर मराठी २०१८ मधेच आलं. अलेक्साला हिंदी आलं २०१९ मधे, मराठी नाहीच. त्यामुळं स्पीकरशी बोलायचं तर हिंदी किंवा इंग्रजी. यातनं वाट एकच, उपकरणांची नावं त्याला कळतील अशी ठेवा. 'सोपा'ला 'बैठक' म्हणा. 'माडी' चालेल, पण तो 'गाडी' ऐकतो असं मला आढळलंय. 'देवघर' मात्र अचूक ओळखतो. आणि ठरावीक वाक्याला एक काम बांधून ठेवता येतं. आमच्या आईनं नुसतं 'शुभ रात्री' म्हटलं की सगळे दिवे बंद होतात. फक्त पाहुण्यांना निरोप देताना तेच म्हणाली आणि जिन्यात अंधार झाला, असं एकदा झालं.

खानापूरची_चिमणी

त्यापेक्षा पलंगाजवळ एक बॅटरीवरचं वायरलेस बटन चिकटवा की. झिग्बीचं मिळतं. एकदा दाबलं की दिवा, दोनदा दाबलं की पंखा. सासूबाईंना बोलायला लावलं होतं, त्या यंत्राला 'अहो' म्हणायच्या आणि उत्तर आलं नाही की रागवायच्या. बटन दिल्यावर घरात शांतता.

सांबरेकर

शेवटचा मुद्दा, आणि हा त्या एक लाख ऐंशी हजारवाल्यासाठी. कुणाकडनंही करून घ्या, पण खातं तुमच्या ईमेलवर काढा, पासवर्ड तुमच्याकडं. माझ्या मेहुण्याकडं एकानं स्वतःच्या खात्यावर सगळं जोडलं आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला. पंचवीस बटनं एकेक करून पेटीतनं काढून नव्यानं जोडायला लागली. कॅमेऱ्याचा आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि कॅमेरा गल्लीतल्या समोरच्या कट्ट्याकडं वळवू नका. तिथं संध्याकाळी बायका बसतात.

शक्य झालं तर घरातच चालणारी व्यवस्था करा. होम असिस्टंट म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २०१३ पासून लोक चालवताहेत, रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावर बसतं. नेट बंद असलं तरी घरातल्या घरात दिवे चालतात. फक्त ते मेमरी कार्डवर ठेवू नका, करंट वरचेवर गेला की कार्ड मरतं. एसएसडी लावा. नवीन वस्तू घेताना खोक्यावर मॅटरचं चिन्ह आहे का बघा. ते २०२२ च्या शेवटाला आलं. त्यानं एका कंपनीची वस्तू दुसरीच्या ॲपमधे जोडता येते.

परसातली_जाई

चार महिन्यांनी परत येतेय. गणपतीत सगळं उरकलं.

झालं ते असं. माडीला सगळीकडं न्यूट्रल, खोल पेट्या, दोन कॅट-६. खालच्या मजल्याला हात लावला नाही, फक्त सोपा आणि जिना. एकूण नऊ रिले, बाकी घर जसंच्या तसं. दोन जुने पंखे बदलले. अण्णांनी सांगितलेली बेलसारखी बटनं लावली, बाबा तरी पहिला आठवडा दोनदाच दाबायचे, 'लागला की नाही याची खात्री' म्हणून, आणि दिवा लागून विझायचा. आता एकदाच दाबतात. बोलायचा स्मार्ट स्पीकर माळ्यावर गेला, पलंगाजवळचं बटन राहिलं. होम असिस्टंट मी दोन शनिवार-रविवार खर्चून बसवला, त्यात एक रविवार झिग्बीचं चॅनल बदलण्यात गेला.

आवाज उत्तम आहे. सतरंजीनं खरंच फरक पडला. सबवूफर मी हौसेनं सामाईक भिंतीशी ठेवला होता. शेजारच्या मावशींनी तिसऱ्याच दिवशी येऊन विचारलं, "रात्री मिरच्या कांडताय काय गं?" आता तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पाण्याचा सेन्सर बशीत बसला आणि चालतोही. परवा पहाटे पावणेचारला पुण्यात माझा फोन वाजला. मी धडपडत उठून आईला फोन केला, तर मागनं मोटरीचा आवाज. बाबा आधीच परसात उभे. म्हटलं, कळलं कसं? तर मावशी रोजच्यासारख्या भिंतीवर टकटक करून गेल्या होत्या.

टेस्टरवाला_अण्णा

मग ती सूचना बाबांच्याच फोनवर वळवा की.

परसातली_जाई

बाबा रात्री फोन बंद करून ठेवतात. बॅटरी टिकते म्हणून.